पाठीला कळलेला रस्ता

चालवून चालवून टायर झिजतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. न चालवताही ते म्हातारे होतात, हे केतकी इंगवलेला त्या सकाळी पार्किंगमध्ये उकिडवं बसल्यावर दिसलं. तांबडीच्या चारही टायरांच्या कडांना बारीक चिरा गेल्या होत्या, भेगाळलेल्या टाचांसारख्या.

तांबडी म्हणजे तिची दोन आसनांची, बुटकी, विजेवर पळणारी स्पोर्ट्स कार. रंग तांबड्या रश्श्याचा, म्हणून हे नाव, आणि ते ठेवलेलं तिच्या नवऱ्यानं, धैर्यशीलनं. कोल्हापुरात आता बहुतेक लोक आपसूक चालणाऱ्या गाड्यांतून फिरायचे. गाडीत बसायचं, कुठं जायचं ते सांगायचं आणि डोळे मिटायचे. हातानं गाडी चालवायचा परवाना वेगळा लागायचा आणि तो काढणारे थोडे हौशी उरले होते. केतकी त्यांच्यातली. दूध संघात जनावरांची डॉक्टर म्हणून तिनं नोकरी केली होती. म्हशीच्या पोटात हात घालून रेडकू कसं आडवं आलंय ते डोळे मिटून सांगायची. सुट्टीच्या दिवशी तेच हात स्टिअरिंगवर असायचे. आजऱ्याच्या पुढच्या माळावर जो ट्रॅक आहे, तिथं ती गाडी पळवायची आणि शेजारी बसून धैर्यशील वळणं सांगायचा. "उजवी येतेय, लांब आहे, घाई नको. आता डावी, आखूड!" स्वतः तो इतिहासाचा प्राध्यापक, गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवणारा. पण तिच्या शेजारी बसायला कधी भ्यायला नाही.

मग तिला कॅन्सर झाला. औषधांनी रोग मारला, पण जाताजाता बोटांच्या टोकांच्या आणि तळपायांच्या नसाही भाजून काढल्या. आता ती ठणठणीत होती, पण हातात घेतलेली वाटी गरम आहे की गार हे तिला कळायचं नाही. तळव्याखाली फरशी आहे की गालिचा, हे खाली बघून ठरवावं लागायचं. स्टिअरिंग हातात धरलं तर काठी धरल्यासारखं वाटायचं. ती गाडी चालवायची थांबली. बॅटरी मरू नये म्हणून धैर्यशील कधीमधी तांबडीला रंकाळ्याला चक्कर मारून आणायचा, एवढंच.

"आई, टायर घेण्यापेक्षा गाडीच विकून टाक ना," नाशिकहून तिची मुलगी ऋजुता फोनवर म्हणाली. ती वास्तुविशारद होती, आणि आईच्या आजारपणात तिनं जे पाहिलं होतं त्यानंतर आईच्या बाबतीत तिला कुठलीच जोखीम नको होती.

"टायर फाटलेली गाडी कोण घेणार?" केतकी म्हणाली. "आधी टायर घालते, मग बघू."

विकण्यासाठीच टायर घ्यायचे, असं ती स्वतःलाही सांगत होती. तसं असतं तर कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे चार टायर घेऊन काम भागलं असतं. ती गेली गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, मेहरुन बागवानकडे.

मेहरुन तिची शाळेतली मैत्रीण. रबराचं रसायनशास्त्र शिकून परदेशात नाव काढून आली होती आणि आता इथं स्वतःची लहानशी प्रयोगशाळा आणि टायरचा कारखाना चालवत होती.

"ये गं ये! किती वाळलीस," म्हणत तिनं केतकीला मिठी मारली. मग फरशीवर तीन टायर ओळीनं मांडले. "घर ते घर स्पर्धेला जायचंय नव्हं? खरं बोल."

केतकी हसली. 'घर ते घर' ही त्या माळावरच्या ट्रॅकची वार्षिक स्पर्धा. तिचा नियम साधा होता. ट्रकवर लादून गाडी आणायची नाही. घरून ज्या टायरांवर निघालात त्याच टायरांवर ट्रॅकवर पळायचं आणि त्यांवरच घरी परतायचं. त्यामुळे टायर असा हवा, की ट्रॅकवर तो डांबराला चिकटला पाहिजे आणि वाटेत पोलिसानं अडवलं तर कायद्यातही बसला पाहिजे. ओल्या रस्त्यावर ठरावीक अंतरात थांबणारा, फार आवाज न करणारा, वरच्या नाळ्या, म्हणजे खाचा, पुरेशा खोल असलेला.

"मी विकायला काढलीय गाडी," ती म्हणाली.

"असू दे. बघायला काय पैसे पडतात?"

पूर्वी केतकी टायर अंगठ्याच्या नखानं दाबून जोखायची. सवयीनं तिनं पहिल्या टायरला नख लावलं. काहीच कळलं नाही. तिनं इकडंतिकडं पाहिलं, मग गुडघ्यावर बसली आणि टायरला चक्क गाल लावला.

"हा मऊ आहे," ती म्हणाली. "चिकाच्या वडीसारखा."

"बरोबर. हा जवळजवळ ट्रॅकचाच. वर दोन नाळ्या आहेत, त्या केवळ कायद्यासाठी. उन्हात तापला की डांबर सोडत न्हाई. पण सकाळच्या दवात याच्यावरनं घाट उतरायचा असंल तर आधी मृत्युपत्र कर. आणि खड्ड्यात याची कड कापली जाती."

दुसऱ्या टायरला गाल लावून केतकीनं नाक मुरडलं. "हा भाकरीच्या तव्यासारखा आहे."

"रस्त्यावरचा. पावसात चांगला, वर्षानुवर्षं टिकतो. पण ट्रॅकवर याला जरा ताणलास की ओरडाय लागतो." मेहरुन क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. "गालाला सगळं कळतंय की गं तुझ्या."

"गालाला कळून काय उपयोग? स्टिअरिंग गालानं धरू?"

"हा तिसरा बघ," मेहरुन म्हणाली.

तिसरा दिसायला दुसऱ्यासारखाच होता. मेहरुननं चाकाच्या आतल्या बाजूला एक तार लावली आणि बटण दाबलं. जरा वेळानं केतकीनं पुन्हा गाल टेकवला आणि दचकून मागं घेतला. तव्यासारखा वाटलेला टायर लोण्याकडे झुकला होता.

मेहरुननं तिला समोर बसवून समजावलं. रबर म्हणजे शिजवलेल्या शेवयांचा गुंता. नुसता गुंता ओढला तर सुटत जातो, म्हणून टायर बनवताना गंधक घालून जागोजागी गाठी मारतात. गाठी जास्त तर टायर कडक आणि टिकाऊ, कमी तर मऊ आणि चिकट. एकदा मारलेली गाठ मात्र कायमची. म्हणून तर आजवर टायर घेताना रस्ता की ट्रॅक, हे आधीच ठरवावं लागायचं. मेहरुनच्या रबरात अर्ध्या गाठी वेगळ्या जातीच्या होत्या. अगदी हलका विजेचा दाब दिला की त्या सैल पडायच्या, काढून घेतला की पुन्हा आवळायच्या. मऊ रबर रस्त्यावरच्या खडीच्या प्रत्येक कंगोऱ्यात शिरून बसतं, त्याला धरून ठेवतं. तीच पकड.

"आणि खरी गंमत पुढंच हाय," मेहरुन म्हणाली. "टायर काळा का असतो? काजळी घातलेली असती त्यात. काजळीच्या कणांतनं वीज वाहती. रबर ताणलं की कण एकमेकांपासनं लांब जातात, वीज कमी वाहती. दाबलं की जास्त. मी आधीच त्याच्यातनं वीज सोडत हुतो. मग लक्षात आलं, की खाली वाळू हाय, ओल हाय, का पांढरा पट्टा, सगळं त्या विजेच्या चढउतारात उमटतंय. अख्खा टायर म्हणजे कातडीच झाली की."

"कातडी असून भागत नाही. ती कुणाला तरी सांगायला हवी."

मेहरुननं कपाटातून एक पातळ बंडी काढली. आतून तिला बारीक टोचे होते, पाठभर पसरलेले. "पुढचा डावा टायर डाव्या खांद्याखाली, मागचा डावा कमरेवर. उजवीकडं तसंच. टायरला जे कळंल ते हे टोचे दाबून पाठीला सांगतील. मेंदू कवटीच्या अंधारात बसलेला असतो केतकी. बातमी बोटातनं आली का पाठीतनं, त्याला काय फरक पडतोय? थोडे दिवस गोंधळंल, मग शिकंल."

केतकीनं बंडी हातात घेतली. हातात आहे हे तिला दिसत होतं, जाणवत नव्हतं. मग तिनं विचारलं, "हे कायद्यात बसतं?"

"गेल्याच महिन्यात मंजुरी आली. रस्त्यावर चालवायला एकदम पक्कं."

तिसरे टायर तांबडीला लागले.

पहिले काही दिवस निव्वळ खाज सुटली. केतकी सोसायटीच्या आवारात गाडी फिरवायची आणि पाठीवर मुंग्या पळताहेत असं वाटून वैतागायची. मग ती पन्हाळ्याच्या रस्त्यानं सकाळी सकाळी जाऊ लागली, अगदी सावकाश. शेजारी धैर्यशील.

एका सकाळी ऊस वाहणारी ट्रॉली नुकतीच पुढं गेली होती आणि रस्त्यावर पाचट सांडलं होतं. चाक त्याच्यावरून गेलं आणि केतकीच्या डाव्या खांद्याखाली काहीतरी सळसळलं. टोचल्यासारखं नाही, मुंग्यांसारखंही नाही. पाचट. तिला पाचट लागलं होतं. पुढं रस्त्याची कड आली, बारीक खडी, ती कमरेवर चुरचुरली. पुलाचा सांधा आला, तो आधी खांद्यांवर आणि मग कमरेवर टकटक करून गेला.

तिनं गाडी बाजूला घेतली आणि हसत सुटली. हसता हसता डोळे भरले.

"काय झालं?" धैर्यशील घाबरला.

"खडी!" ती म्हणाली. "धैर्या, खाली खडी आहे!"

"अगं, ती तर मलाही दिसतेय."

"दिसतेय नाही. आहे!"

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. ओलं डांबर, सुकं डांबर, शेण, उन्हानं पाघळलेला पॅच, सगळं ती मोठ्यानं नाव घेऊन सांगायची. लहान मूल दुकानांच्या पाट्या वाचत जातं तसं. रबर कधी सैल सोडायचं, कधी आवळायचं, हे मेहरुननं स्टिअरिंगवर बसवलेल्या चकतीनं करायला ती शिकली. वेग वाढला. वळणं जुन्यासारखी गोल निघायला लागली. गाडी विकायचं मागं पडलं आणि तिनं 'घर ते घर'ला नाव नोंदवलं.

आणि एका वळणावर धैर्यशील नेहमीसारखा म्हणाला, "आता डावी येतेय, पुढं जरा चढ आहे, आणि या चढावर म्हणे एके काळी चौकी होती..." तेवढ्यात पाठीवर काहीतरी बारीक कुजबुजलं आणि ते तिच्या ध्यानातून निसटलं.

"जरा गप्प बस ना," ती म्हणाली. "टायर ऐकू येत नाहीत मला."

तो गप्प बसला. घरी येईपर्यंत गप्पच. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तू जाऊन ये. मला पेपर वाचायचाय." तिसऱ्या दिवशीही त्याला पेपरच वाचायचा होता.

केतकीच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. पण पाठीला नवी भाषा फुटत होती, आणि त्या आनंदात तिनं ते उद्यावर ढकललं.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ट्रॅकवर सरावाचा दिवस होता. ती एकटीच गेली. शेजारची जागा रिकामी असल्यानं गाडी हलकी झाली होती, पहिल्या फेऱ्या झकास गेल्या. त्या ट्रॅकवर एक उंचवटा आहे. चढताना पलीकडचं काही दिसत नाही आणि माथा ओलांडला की लगेच डावीकडे आखूड वळण. पूर्वी इतक्या वेळा ती तिथून गेली होती, पण डावी कधी घ्यायची हे तिनं कधी पाठ केलंच नव्हतं. ते नेहमी शेजारून यायचं.

उंचवट्याच्या माथ्यावर गाडी किंचित उचलली गेली आणि केतकीची पाठ एकदम मुकी झाली. चारही टायर हवेत हलके झाले होते, सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. क्षणभरच. मग चाकं टेकली, पाठीवर एकदम कल्लोळ झाला, पण तोवर वळण निघून गेलं होतं. तांबडी सरळ गवतात शिरली, दोनदा गिरकी घेतली आणि थांबली.

कुणाला काही लागलं नाही. गाडीलाही खरचटलं नव्हतं. केतकी गवतात बसून राहिली आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो भीतीचा नव्हता. टायरला फक्त पायाखालचं कळतं, असा तो विचार होता.

घरी आल्यावर धैर्यशीलनं गाडीच्या पोटाला अडकलेलं गवत पाहिलं. खाली बसून एकेक काडी काढत राहिला.

संध्याकाळी केतकीनं ऋजुताला फोन करून घडलं ते सांगितलं.

मग ऋजुता म्हणाली, "मी येतेय. स्पर्धेच्या दिवशी थेट ट्रॅकवर. आणि आई, तिथं आल्यावर मी तुला थांबवणार आहे, हे आधीच सांगून ठेवते."

स्पर्धेच्या दिवशी पहाटेच निघायचं होतं. जुनी रीत अशी, की ट्रॅकपर्यंत धैर्यशील चालवणार आणि ट्रॅकवर केतकी.

"तेवढं मी करतो," तो म्हणाला. "तिथं पोचवतो. पण फेरीला तू एकटीच जा. तुझ्या पाठीला सांगणारे चौघे आहेत आता. माझं वजन कशाला वाहतेस?"

केतकी डावीकडे जाऊन बसली. पाठ जागी राहावी म्हणून मेहरुननं बंडी घरूनच घालायला सांगितली होती. ती तिनं घातली, चालू केली आणि डोळे मिटले. टायर लागल्यापासून गाडी तिनंच चालवली होती. धैर्यशीलचं चालवणं पाठीनं ऐकायची ही पहिलीच वेळ.

शहर मागं पडलं. रस्ता वाईट होता, उसाच्या गळितासाठी ट्रॉल्यांची ये-जा सुरू झाली होती आणि डांबर जागोजागी उखडलं होतं. केतकीच्या उजव्या बाजूला धाड धाड चाललं होतं. खांद्याखाली दणका, कमरेवर दणका, पुन्हा खांद्याखाली. डावी बाजू मात्र शांत. तिला वाटलं बंडीचे डावे टोचे बंद पडले. तेवढ्यात तिथं एक बारीक खडा चुरचुरला. चालू होते.

तिनं डोळे उघडून रस्ता पाहिला. खड्डे काही एकाच बाजूला नव्हते. डावीकडेही होते, उलट जास्तच. धैर्यशील दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मान पुढं काढून, एकेक खड्डा निरखत चालला होता. डावीकडे खड्डा आला की गाडी अलगद उजवीकडे सरकायची आणि त्याच्या स्वतःच्या बाजूचं चाक दुसऱ्या खड्ड्यात आपटायचं.

"धैर्या," ती म्हणाली, "सगळे खड्डे तुझ्या बाजूला घेतोयस."

"आं? नाही गं. रस्ताच तसा आहे."

"माझ्या पाठीला सांगू नकोस. तिला कळतंय."

तो थोडा ओशाळला. पुढच्या गावाचा गतिरोधक त्यानं अलगद ओलांडला. मग म्हणाला, "तुझं केमो चालू होतं ना, तेव्हा तू हट्टानं याच गाडीतून हॉस्पिटलला जायचीस. हिची स्प्रिंग कडक. चाक जरा आपटलं की तू ओठ चावायचीस, बोलायची नाहीस. म्हणून मग मी तुझी बाजू सांभाळून न्यायला लागलो."

"आता नाही दुखत मला."

"माहितीय. पण सवय लागली."

केतकीचा हात त्याच्या स्टिअरिंगवरच्या हातावर गेला. हाताला काही कळत नव्हतं, पण तिथं हात आहे एवढं पुरेसं होतं. तिची पूर्ण डावी बाजू, खांद्यापासून कमरेपर्यंत, शांत आणि मऊ होती. इतकी वर्षं ती त्याला हळू चालवतो म्हणून हसत आली होती.

"मी तुला गप्प बस म्हणाले, ते चुकलं माझं," ती म्हणाली.

"नाही, मी बोलतो फार."

"बोलतोस फारच. चौकी नको सांगूस. पण ऐक, त्या उंचवट्यावर काय झालं माहितीय? गाडी उचलली गेली आणि चौघेही मुके झाले. टायरला पायाखालचं कळतं, धैर्या. पुढचं कळत नाही. पुढचं मला तूच सांगत आलास."

"इतिहासाच्या माणसाला पुढचं सांगायला सांगतेस," तो म्हणाला, आणि किती दिवसांनी तो मोठ्यानं हसला. हसण्याच्या नादात त्याच्याकडून डाव्या चाकाखाली एक खड्डा गेला.

"आई गं!" केतकी ओरडली, आणि मग दोघंही आजरा येईपर्यंत हसत राहिले.

माळावर धुकं होतं. ट्रॅक अर्धा ओला, अर्धा सुका. तिच्या आधी सुटलेल्यांपैकी सांगलीच्या शार्दूल पटवर्धन नावाच्या एका उमद्या पोरानं जवळजवळ गुळगुळीत टायर लावले होते आणि पहिल्याच ओल्या वळणावर तो गवतात जाऊन आला होता. कुंपणापाशी ऋजुता उभी होती, हातात गार झालेला चहा, रात्रभर प्रवास करून डोळे तांबारलेले.

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी हिच्याबरोबर बसतोय," धैर्यशील हेल्मेट चढवत म्हणाला.

ऋजुता आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिली. आईबाबांच्या तोंडावर काहीतरी होतं, लग्नाआधीच्या फोटोत असतं तसं. ठरवून आणलेलं वाक्य तिनं सोडून दिलं. "हळू," एवढंच ती म्हणाली, आणि ते किती निरर्थक आहे हे तिलाही कळलं.

तांबडी सुटली. ओल्या भागात केतकीनं रबर मध्यम ठेवलं. पाठीवर पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत होता, आणि त्याच्याखाली खडी. मागचा उजवा टायर निसटायचा विचार करत होता. विचारच, अजून निसटला नव्हता. तिनं पाय जरासा उचलला, त्यानं विचार बदलला. पूर्वी हे तळव्यांना कळायचं. तळव्यांपेक्षा पाठीला जास्त कळतं, असं तिला वाटून गेलं.

"लांब उजवी," धैर्यशील म्हणाला. "सुका आहे पुढं."

तिनं चकती फिरवली. गाठी सैल झाल्या. चार लोण्याचे गोळे डांबराला मिठी मारून बसले आणि गाडी वळणातून अशी निघाली, की धैर्यशीलची मान खिडकीकडे गेली. तरी तो बोलतच होता. "सरळ. सरळ. चढ. माथा येतोय, पलीकडे आखूड डावी... आता घे!"

केतकीला समोर नुसतं आकाश दिसत होतं. तिनं डावी घेतली. गाडी उचलली गेली, पाठ मुकी झाली. त्या मुक्या क्षणात तिला अजिबात भीती वाटली नाही. मग चाकं टेकली, वळणाच्या अगदी आतल्या कडेला, जिथं टेकायला हवी होती तिथं, आणि चारही कोपरे पुन्हा एकदम बोलू लागले.

"हुर्रे!" धैर्यशील ओरडला. हा काही वळणाचा इशारा नव्हता.

ती चौथी आली. पहिला आला शार्दूल, कारण दुपारच्या फेरीपर्यंत धुकं गेलं, ट्रॅक खडखडीत वाळला आणि त्याचे टायर तापून डांबराला चिकटले. आजारपणाच्या आधीच्या तिच्या स्वतःच्या वेळेपेक्षाही ती जराशी मागंच पडली होती. बक्षिसं वाटून झाल्यावर शार्दूल मुद्दाम येऊन तिच्या टायरांकडे वाकून वाकून बघून गेला आणि टायर कसे वागतात ते बघायला आलेल्या मेहरुननं त्याला गोकुळ शिरगावचा पत्ता दिला.

संध्याकाळी ट्रॅक सगळ्यांना खुला होता. ऋजुता तांबडीच्या बाजूला उभी होती. आईला थांबवायला आलेली ती पोरगी आता टायरांच्या नाळ्यांवरून बोट फिरवत होती.

"मेहरुन," केतकीनं विचारलं, "दुसरी बंडी आहे ना तुझ्याकडे? ही एकच गाडी दोन पाठींना सांगू शकेल?"

"न सांगाय काय झालंय?"

ऋजुता नको नको म्हणत असतानाच मेहरुननं बंडी तिच्या अंगात चढवली. धैर्यशीलनं आपलं हेल्मेट मुलीच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा स्वतः आवळला आणि दार लावून घेतलं. मग तो कुंपणाशी जाऊन उभा राहिला.

"पहिली फेरी सावकाश," केतकी म्हणाली. "फक्त ऐक."

पहिल्या फेरीत ऋजुतानं दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती. दुसऱ्या फेरीत ती कुजबुजली, "हे काय चुरचुरतंय, डावीकडे?"

"वाळू. कुणीतरी कडेवरून आत आणलीय."

"आणि हे? गुळगुळीत झालं ते?"

"पांढरा पट्टा. त्याच्यावर पकड कमी असते, म्हणून मी ब्रेक लावला नाही. कळलं?"

"कळलं," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. वळण येण्याआधी आई पाय किती हळुवार उचलते, पकड संपत येते तिथं ती कशी थांबते, मागचं चाक सुटायच्या कितीतरी आधी त्याला कसं सावरून घेते, हे सगळं तिच्या पाठीवर उमटत होतं. बाहेरून जो नुसता वेग दिसत होता, त्याच्या आत इतकी काळजी असेल हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत उंचवटा आला. माथ्यावर दोघींच्याही पाठी एकाच वेळी मुक्या झाल्या, आणि ऋजुता, जी रात्रभर प्रवास करून हे सगळं बंद पाडायला आली होती, लहानपणी झोपाळ्यावर किंचाळायची तशी किंचाळली.

चाकं टेकली. केतकीनं वेग कमी केला. कुंपणापाशी धैर्यशील हात हलवत होता, मावळतीचं ऊन त्याच्या चष्म्यावर चमकत होतं. बाहेर जायचा रस्ता डावीकडे होता.

"घाबरलीस?" तिनं विचारलं. "थांबू या का?"

ऋजुतानं हेल्मेटची काच वर केली. गाल लाल झाले होते.

"आई," ती म्हणाली, "बाबांना म्हणावं, अजून जरा वेळ लागेल."